वाडीवरच्या शाळेतला पोषण आहार: कोकणच्या किनाऱ्यावर तो चालवायचा कसा

कोकणात भुकेचा हंगाम ठरलेला असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे कोळीवाड्यातल्या खलाशांच्या हातात पैसा नसतो. शेतावरच्या घरांत गेल्या साली पिकलेला तांदूळ तळाला गेलेला असतो आणि नवं भात दसरा-दिवाळीशिवाय दारात येत नाही. लावणीच्या दिवसांत आई पहाटेच भाताच्या कुणग्यात उतरते, चूल पेटते ती संध्याकाळी. मूल कोरा चहा आणि दोन बटरांवर शाळेत येतं. नेमकी याच वेळी, जूनच्या मध्याला, शाळा उघडते. आणि नेमकी याच वेळी शाळेचं स्वयंपाकघर बंद असतं, कारण तांदूळ आलेला नाही, आला तर भिजला आहे, गॅस संपला आहे किंवा ताई ओढ्यापलीकडे अडकल्या आहेत. जेवण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं तर कागदावर फार बिघडत नाही, पण ज्या मुलासाठी ही योजना आहे त्याचा सगळ्यात वाईट महिना तोवर निघून गेलेला असतो. म्हणून तयारी मे महिन्यात करायची.

पुढचं सगळं साधारण ४० पटाच्या पहिली ते सातवीच्या शाळेसाठी लिहिलं आहे. मुख्याध्यापक, स्वयंपाकी ताई आणि शाळा व्यवस्थापन समितीचे पालक यांनी ते एकत्र बसून वाचावं.

हक्क काय आणि माप काय

शाळेत शिजवलेलं अन्न मिळणं हा मुलांचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ला तसा आदेश दिला, २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तो कायद्यात आला आणि २०१५मध्ये त्याचे नियम झाले. २०२१पासून योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ आहे, पण गावात ती अजून ‘खिचडी’च आहे.

पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. त्यासाठी लहान गटाला कच्चा तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २०, भाजी ५०, तेल ५ ग्रॅम. मोठ्या गटाला तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५, तेल साडेसात ग्रॅम.

हे आकडे काठावरचे आहेत, त्यात काटकसरीला जागा नाही. १०० ग्रॅम तांदळातून साधारण सात ग्रॅम प्रथिनं येतात आणि २० ग्रॅम डाळीतून पाचच्या आसपास, झाले बारा. डाळ निम्मी पडली तर मूल साडेनऊवर येतं. पोट तेवढंच भरतं, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. तेलाचंही तसंच: पाच ग्रॅम तेल म्हणजे ४५ कॅलरी.

एक उदाहरण सोडवून पाहू. आज लहान गटातली २५ आणि मोठ्या गटातली ११ मुलं हजर आहेत. तांदूळ २५ × १०० अधिक ११ × १५०, म्हणजे ४ किलो १५० ग्रॅम. डाळ ८३० ग्रॅम. भाजी निवडून, चिरून २ किलो ७५ ग्रॅम. तेल २०७ ग्रॅम, म्हणजे मापाच्या भांड्यात सव्वादोनशे मिलीलीटर. हा हिशोब रोज डोक्यात करू नका. १ ते ४० हजेरीचा तक्ता एकदाच करून कोठीच्या दाराच्या आत चिकटवा. वाटीचं माप चालेल, पण ती वाटी एकदा काट्यावर तोलून घ्या आणि तिच्यावर रंगाने खूण करा, कारण घरोघरच्या वाट्या वेगळ्या. हजेरी पावणेअकरापर्यंत ताईंच्या हातात गेली पाहिजे. कालच्या अंदाजाने तांदूळ घेतला की एक दिवस अन्न फेकावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी सातवीची मुलं अर्धपोटी उठतात.

गाडी आली की आधी काटा

तांदूळ आणि धान्यादी माल पुरवठादाराच्या गाडीतून येतो. भाजीपाला आणि इंधन शाळेने घ्यायचं. गाडी वाडीपर्यंत उतरत नसेल तर पोती रस्त्याकडेच्या शाळेत किंवा कोणाच्या पडवीत उतरतात आणि घोटाळा तिथेच होतो. प्रत्येक पोतं तोलल्याशिवाय पोचपावतीवर सही नको. पोत्यासह वजन घेतलं तर बारदानाचा अर्धा-पाऊण किलो वजा करा. समितीतला एक पालक हजर असू द्या. एकट्या शिक्षकावर हे टाकू नका. डाळ-कडधान्याची पाकिटं मोजताना तारीख बघा आणि तेलाच्या पिशव्या दाबून बघा, कारण गाडीत घासून बारीक भोक पडलेली पिशवी आठवड्यात अर्धी होते.

पोत्यात हात कोपरापर्यंत घालून मधला तांदूळ बाहेर काढा. दाताखाली दाणा ‘कट’ करून तुटला तर कोरडा. मऊ दबला तर ओल लागली आहे. कुबट वास, दाण्यांचे गोळे, हिरवट-काळी बुरशी यांपैकी काहीही दिसलं तर माल परत. बुरशी आलेला तांदूळ धुऊन, उन्हात घालून ‘चालवून घेणं’ हा प्रकार पूर्ण बंद करा. बुरशीचं विष शिजवल्याने जात नाही.

ओल, सोंडे आणि मे महिन्याचा साठा

किनाऱ्यावर पावसात भिंतीला घाम येतो, मिठाचं पाणी होतं, जमिनीवर ठेवलेलं पोतं चार दिवसांत खालून ओलं होतं. पोती लाकडी मांडणीवर ठेवा, जमिनीपासून किमान वीतभर उंच आणि भिंतीपासून फूटभर लांब, म्हणजे मागून झाडू फिरवता येईल. चार पोत्यांपेक्षा जास्त थर नको. डाळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मीठ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत. प्रत्येक पोत्यावर खडूने आल्याची तारीख मोठी लिहा आणि जुनं आधी वापरा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी नवं पोतं पुढे लागतं म्हणून तेच उघडलं जातं.

सुट्टीसाठी साठा मागे ठेवू नका. एप्रिलअखेर शिल्लक शून्याजवळ येईल अशीच फेब्रुवारीपासून मागणी नोंदवा. दीड महिना बंद खोलीत राहिलेल्या तांदळात जूनमध्ये सोंडे, जाळी आणि उंदराच्या लेंड्या सापडतात. मग जूनचं जेवण अडतं आणि दोष पावसाला जातो.

सोंडे झाले तर तांदूळ सावलीत पसरून चाळा. कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. घरच्या डाळीला लावतात ती बोरिक पावडर आणि धान्याच्या कोठारात वापरतात त्या विषारी गोळ्या शाळेच्या आवारातसुद्धा आणायच्या नाहीत. बिहारमध्ये जुलै २०१३मध्ये एका शाळेत जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं तेल स्वयंपाकात वापरलं गेलं होतं. आंबा-काजूच्या फवारणीचे रिकामे डबे कोकणात घरोघरी असतात, धुऊन पाणी-तेलाला वापरतातही. शाळेत असा एकही डबा दिसता कामा नये, झाडाला पाणी घालायलाही नाही.

‘प्लॅस्टिकचा तांदूळ’

सरकारी तांदळात पोषणमूल्यं वाढवलेले दाणे मिसळलेले असू शकतात, साधारण शंभरात एक. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. हे दाणे तांदळाच्याच पिठाचे, पण रंगाला थोडे वेगळे दिसतात आणि पाण्यात कधी तरंगतात. ताई त्यांना खडे समजून निवडून टाकतात, पालक ‘प्लॅस्टिक’ म्हणून तक्रार करतात. जूनच्या पहिल्या पालकसभेत मूठभर तांदूळ ताटात घेऊन ते दाणे दाखवा आणि भात शिजवून खायला द्या. भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त.

हा तांदूळ दोनच पाण्यांनी हलक्या हाताने धुवा, चोळू नका. आणि आपल्याकडची सवय सोडा: भात वेळून पेज ओतायची नाही. त्या पेजेतच बरंच सत्त्व जातं. पाणी मापाने घालून ते भातातच मुरवा. पेज निघालीच तर आमटीत घाला किंवा मीठ घालून मुलांना प्यायला द्या, कोकणातलं मूल पेजेला नाही म्हणत नाही.

पाणी: पावसात गढूळ, एप्रिलात मचूळ

विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकताना मूठ-दोन मूठ असा अंदाज नको. चांगल्या पावडरीचं माप हजार लीटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ३.१४ने, आलेल्या आकड्याला चारने भागा, म्हणजे घनमीटर मिळतात. व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर साधारण २८ हजार लीटर, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवा, चुनखडी खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत खोल सोडा आणि तासभर थांबा. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची चाचणी: फिकट पिवळा रंग आला की ठीक. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे हे साहित्य असतं. उघडी पडलेली, पांढरीफट्ट ओलसर पावडर निकामी समजा.

खाडीकाठच्या विहिरी एप्रिलात मचूळ होतात आणि त्या पाण्यात डाळ शिजत नाही. मग सोडा टाकतात. तो टाकू नका, त्याने ब-जीवनसत्त्व मरतं. डाळ दोन तास आधी भिजवा, शिजवायचं पाणी नळाचं किंवा टाकीचं घ्या आणि मचूळ पाणी भांड्यांना वापरा. मीठ मात्र त्या दिवसांत नेहमीपेक्षा कमी.

खिचडी, पायरीपायरीने

वरच्या ३६ मुलांच्या मापाला ३० लीटरचा टोप लागतो. लहान टोपात दाटीवाटीने शिजवलेली खिचडी वरून कच्ची आणि खालून करपलेली निघते.

साडेदहाला डाळ धुऊन भिजवायची. मूग किंवा मसूरडाळ असेल तर ती थेट टोपात जाईल, तूरडाळ असेल तर ती वेगळी कुकरला लावा. हजेरी आली की तांदूळ मोजून, धुऊन निथळत ठेवा. सोळा लीटर पाणी दुसऱ्या शेगडीवर झाकण ठेवून तापत ठेवा. फोडणीत गार पाणी ओतलं की अर्धा तास आणि बराच गॅस वाया जातो. टोपात तेल, मग मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, कांदा, हळद, मसाला. मसाला करपू द्यायचा नाही. तेल कमी असल्याने तो पटकन काळा पडतो, म्हणून चार चमचे पाण्यात कालवून घाला. मग दुधी, भोपळा, गाजर, शेंगा अशा कडक भाज्या आणि डाळ, दोन मिनिटं परतून वर उकळतं पाणी. डाळ बोटाने दबू लागली की तांदूळ आणि मीठ. पहिल्यांदा १२० ग्रॅमच घाला, चव बघून वाढवा. पालेभाजी शेवटच्या पाच मिनिटांत.

पाणी तांदळाच्या पातळीला आलं की टोपाखाली जाड तवा सरकवा, आच बारीक करा, झाकणावर वजन ठेवा. करपल्याचा वास आला तर ढवळायचं नाही. ढवळलं की सगळी खिचडी करपट लागते. वरची अलगद दुसऱ्या टोपात काढून घ्या, खालची राहू द्या.

साधारण २० किलो खिचडी होते. म्हणजे लहान मुलाच्या वाट्याला पावणेपाचशे ग्रॅम आणि मोठ्याला सातशेच्या पुढे. पहिलीतलं सहा वर्षांचं मूल एका बैठकीत एवढं खाऊ शकत नाही, हे मान्य करा आणि त्याला दोनदा वाढा: आधी मोठा डाव, दहा मिनिटांनी छोटा. एकदाच ढीग वाढला की अर्धं ताटात राहतं आणि ते कुत्र्याला जातं.

या स्वयंपाकाला अर्धा ते पाऊण किलो गॅस लागतो. १४.२ किलोचं सिलिंडर वीसेक दिवस पुरतं, दहा दिवसांत संपत असेल तर झाकण न ठेवता शिजवलं जातंय किंवा नळी गळतेय. जून-जुलैत गाडी येत नाही त्या वाड्यांनी मे महिन्यातच भरलेलं दुसरं सिलिंडर आणि पडवीत सुकी लाकडं, नारळाची सोडणं, करवंट्या आठवडाभर पुरतील एवढी ठेवावीत.

मोडाची उसळ सोमवारी नको

मटकी, मूग, चवळी यांना मोड आणायला आदला दिवस लागतो. सोमवारच्या उसळीसाठी रविवारी कोणीतरी शाळेत यायला हवं. कोणी येत नाही, मग सोमवारी कडधान्य अर्धं कच्चं शिजतं आणि मुलांची पोटं दुखतात. सोमवारी डाळ ठेवा, उसळ मंगळवारपासून. दुपारी एकला भिजवा, शाळा सुटताना पाणी काढून सुती फडक्यात सैल बांधून टांगा. घट्ट बांधलेली मटकी आपल्या दमट हवेत सकाळपर्यंत बुळबुळीत होऊन आंबते. मोड आले की कच्चे वाटायचे नाहीत, चांगले उकळून शिजवायचे. उसळीत दोन आमसुलं किंवा वरून लिंबू असेल तर कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणानंतर लगेच चहा दिला तर उलट होतं.

आठवड्याला एक अंडं राज्याने नोव्हेंबर २०२३पासून सुरू केलं, न खाणाऱ्याला केळं. २०२५च्या सुरुवातीला त्याचा वेगळा निधी थांबला आणि ते लोकसहभागावर आलं. आमच्या मते एवढ्या स्वस्तात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं दुसऱ्या कशातून मिळत नाहीत, तेव्हा वाडीच्या मंडळाने सत्यनारायणाच्या खर्चातून जून-जुलैची अंडी उचलली तर ते सोडू नका. अंडी शिजवायच्या आधी धुवा, पाण्यात तरंगणारं फेका, पाण्याला उकळी आल्यावर बारा मिनिटं ठेवा आणि सोलायला मुलांनाच द्या, म्हणजे जास्त हात लागत नाहीत.

वाढताना

वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने आणि एका पालकाने खऱ्या अर्थाने जेवायचं. चमचाभर चाटून चव नोंदवहीत ‘उत्तम’ लिहायचं नाही. थोडं अन्न स्टीलच्या झाकणाच्या डब्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत बाजूला ठेवा. शिजवल्यापासून वाढेपर्यंत दोन तासांच्या आत, आणि तोवर टोप झाकलेला, गरम. कोकणातल्या उकाड्यात कोमट भातात जंतू फार लवकर वाढतात. पुन्हा तापवला तरी त्यांचं विष उरतं. म्हणून उरलेलं संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. ताईंना जुलाब-उलट्या असतील तर थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाक नको. त्यांच्या जागी कोण, हे जूनमध्येच ठरलेलं असावं. २६ ते १०० पटाला दोन स्वयंपाकी-मदतनीस मंजूर असतात, तेव्हा त्या दोघी ओढ्याच्या एकाच बाजूच्या नसतील असं पाहा.

पंगत एकच. वाडीप्रमाणे, ओळखीप्रमाणे मुलं आपोआप वेगळी बसतात. रोज हजेरीच्या क्रमाने बसवलं की तो प्रश्न बोलल्याशिवाय सुटतो.

परसबागेचं एवढंच

आठवड्यातून एक दिवस ३६ मुलांची पालेभाजी निघावी एवढं लक्ष्य पुरे. लाल माठ २५ ते ३० दिवसांत येतो. तीन चौरस मीटरच्या गादीवाफ्यातून दोन-अडीच किलो निघतो. असे चार वाफे आठवड्याच्या अंतराने पेरा. मुसळधार पावसात माठ झोपतो, तेव्हा जुलैत भेंडी, पडवळ, दोडकी मांडवावर, आणि माठ गणपतीनंतर. मोरीच्या पाण्यावर दोन केळी, कुंपणाला शेवगा. मुलांनी रानातून आणलेली अळंबी आणि न ओळखलेला पाला टोपात जाणार नाही, एवढा नियम पक्का. शेवळं घरीच खावीत. शंभर जणांत एकाचा घसा खवखवला तरी वाडीत बोंब होते.

कोण जेवत नाही ते बघा

सोमवारी तिसऱ्यांदा वाढून घेणारं मूल कोणतं, हे ताईंना विचारा. शनिवार-रविवार त्याच्या घरी काय शिजलं याचा अंदाज तिथे येतो. अकराच्या तासाला पेंगणारं मूल कदाचित आळशी नसेल, उपाशी असेल. लावणीच्या महिन्यात समितीने ठराव करून आणि केंद्रप्रमुखांशी बोलून जेवण लवकर, सव्वाबाराला घेता येतं. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२पासून सरकारी शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला तो याच कारणासाठी. वजन-उंची तीन महिन्यांनी नोंदवा, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं तेव्हा तो कागद त्यांच्यापुढे ठेवा.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर कोळसा आणि वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची नावं पटावर राहून मुलं गायब होतात. जाण्याआधी शिक्षण हमी कार्ड हातात द्या. उलट, भट्टीवरून आपल्या हद्दीत आलेलं मूल दाखला नसला तरी त्याच दिवशी पंगतीत बसलं पाहिजे, कागद नंतर.

जेवण झालं नाही तर

तांदूळ, निधी, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून एखाद्या दिवशी जेवण शिजलं नाही, तर २०१५च्या नियमांप्रमाणे मुलाला अन्नसुरक्षा भत्ता, म्हणजे धान्य आणि शिजवण्याचा खर्च, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकलं तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची. म्हणून न शिजलेल्या दिवशी ॲपवर शिजलं असं भरू नका. एका दिवसाची लाज वाचते, पण मुलाचा भत्ता बुडतो आणि तांदळाचा साठा कागदावर कमी होतो, तो पुढे तुमच्याच अंगावर येतो. दिनांक, कारण आणि हजर मुलं लिहा, समितीच्या अध्यक्षांची सही घ्या आणि त्याच दिवशी पंचायत समितीतल्या पोषण आहार अधीक्षकांना लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं नोंदीत येत नाही. पोच घेतलेला कागद फाइलला लावा.